पोकळ तंतूच्या पोटात काय घडतं? होलो फायबरच्या रचनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तंतू काढायच्या स्पिनिंग लाइनवर नव्याने आलेली मुलं, पॉलिमरचे विद्यार्थी आणि तयार फायबर विकत घेऊन वापरणारे इंजिनिअर हे तिघेही फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. जिथे खरी गोम आहे तिथे लांबण लागली आहे, बाकीचं दोन ओळींत आटोपलं आहे.

उशीत भरतात तो होलो फायबर आणि डायलिसिसमधला होलो फायबर एकच का?

नाव एक, जात वेगळी. उशी-रजईतला तंतू पॉलिएस्टर वितळवून काढलेला असतो. त्याची भिंत भरीव असते आणि मधल्या पोकळीत हवा अडकून राहते, म्हणून तो हलका आणि उबदार. डायलिसिस, पाणी गाळणं किंवा वायू वेगळे करणं यासाठीच्या तंतूची भिंतच सच्छिद्र असते आणि खरं काम ती भिंत करते. मधली पोकळी म्हणजे फक्त वाट. डायलिसिसच्या तंतूचा आतला व्यास साधारण २०० मायक्रॉन आणि भिंत ३० ते ४५ मायक्रॉन असते. असे दहा हजारांच्या आसपास तंतू एका डायलायझरमध्ये बसवलेले असतात. या पानावरचे बहुतेक प्रश्न या दुसऱ्या जातीचे आहेत, कारण डोकेदुखीही तिथेच जास्त.

मधलं भोक पाडतात कसं?

पाडत नाहीत, तंतू जन्मतःच पोकळ असतो. वितळवलेल्या पॉलिएस्टरसाठी स्पिनरेटला (ज्या भोकाच्या चकतीतून तंतू बाहेर येतो तिला) पूर्ण गोल भोक न ठेवता कमानीसारख्या दोन, तीन किंवा चार फटी ठेवतात. फटींतून बाहेर पडताच पॉलिमर फुगतो, शेजारच्या कमानींची टोकं एकमेकांना चिकटतात आणि नळी तयार होते. टोकं चिकटण्याआधी मधल्या जागेतून हवा आत ओढली जाते. ती गेली नाही तर नळी जागच्या जागी मिटते.

द्रावणातून काढायच्या तंतूसाठी भोकाच्या मधोमध एक बारीक सुई असते. सुईभोवतीच्या कड्यातून पॉलिमरचं द्रावण येतं, त्याला आम्ही डोप म्हणतो. सुईतून एक द्रव सोडतात, तो बोअर द्रव. पोकळी तोच धरून ठेवतो, पण त्याचं काम तेवढ्यावर संपत नाही. त्याबद्दल पुढे.

पॉलिएस्टरच्या तंतूत पोकळी कमी-जास्त कशाने होते?

मुख्यतः दोन गोष्टींनी: वितळलेला माल किती घट्ट आहे आणि तो किती लवकर गार होतो. पृष्ठताण पोकळी मिटवायला बघतो, व्हिस्कॉसिटी, म्हणजे मालाचा घट्टपणा, त्याला अडवते आणि गार हवा येऊन निकाल लावते. तापमान वाढवलं की माल पातळ होतो आणि पोकळी आक्रसते. हवा जोरात आणि स्पिनरेटच्या जवळून मारली तर पोकळी टिकते, पण फार जवळून मारली तर स्पिनरेटचं तोंडच गार पडतं आणि तंतू तुटायला लागतात.

पोकळीचं प्रमाण काढताना अनेकजण फसतात. आतला व्यास बाहेरच्याच्या निम्मा असला म्हणजे पोकळी पन्नास टक्के होत नाही. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात जातं, म्हणून ती पंचवीस टक्केच.

हवा एकाच बाजूने मारली तर आणखी एक गंमत होते. गार झालेली बाजू आधी घट्ट होते, ओढीचा भार ती उचलते आणि तिच्यातले रेणू जास्त सरळ होतात. पुढे तंतू सैल सोडून गरम केला की दोन बाजू वेगवेगळ्या आकसतात आणि त्याला स्प्रिंगसारखी वळणं पडतात. दाबलेली उशी परत फुगते ती या वळणांमुळे.

द्रावणातून काढलेल्या तंतूच्या भिंतीत छिद्रं कुठून येतात?

पॉलिसल्फोन, पॉलिइथरसल्फोन, पीव्हीडीएफ यांपैकी एखादा पॉलिमर एनएमपी किंवा डीएमएसीसारख्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवतात. हे सॉल्व्हंट पाण्यात सहज मिसळतात, पॉलिमर मात्र पाण्यात विरघळत नाही. द्रावणाची धार पाण्याच्या टाकीत, म्हणजे बाथमध्ये, शिरली की सॉल्व्हंट बाहेर धावतो आणि पाणी आत घुसतं. एका क्षणी द्रावण एकसंध राहू शकत नाही आणि त्याचे दोन भाग होतात, एकात पॉलिमर जास्त, दुसऱ्यात कमी. यालाच डोप फुटणं म्हणतात. जास्तवाला भाग घट्ट होऊन भिंत बनतो आणि कमीवाला धुऊन गेला की त्याच्या जागी छिद्र उरतं.

अमेरिकेत लोब आणि सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटचा सपाट पडदा याच मार्गाने केला. वर पातळशी दाट कातडी आणि खाली मोकळी सच्छिद्र भिंत अशी त्याची ठेवण होती. गाळण्याचं काम कातडी करते आणि तिला आधार भिंत देते. आजचे बहुतेक गाळणारे तंतू त्याच ठेवणीचे आहेत. वायू वेगळे करणाऱ्या तंतूत ही कातडी ०.१ मायक्रॉनच्या आसपास आणि भिंत शंभरेक मायक्रॉन, म्हणजे हजारातला एक भाग खरं काम करतो.

छेद घेतला की भिंतीत बोटांसारख्या लांब पोकळ्या दिसतात. हा दोष आहे का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. या पोकळ्यांना मॅक्रोव्हॉइड म्हणतात.

सॉल्व्हंट आणि पाणी यांची अदलाबदल फार वेगात झाली की कातडी क्षणात धरते. तिच्या खालचं द्रावण अजून पातळच असतं. कातडीच्या मागे तयार झालेल्या थेंबाला आजूबाजूच्या द्रावणातून सॉल्व्हंट मिळत राहतो, म्हणून तो घट्ट होण्याआधी आतल्या दिशेने वाढत जातो. पुढचं द्रावण घट्ट होऊन त्याची वाट अडवेपर्यंत ही वाढ चालते. एनएमपी आणि पाणी ही जोडी यासाठी बदनाम आहे. अदलाबदल सावकाश झाली तर सगळीकडे एकदमच बारीक थेंब तयार होतात आणि भिंत स्पंजसारखी येते.

दोष आहे की नाही, ते कामावर अवलंबून. कमी दाबाला पाणी गाळायचं असेल तर बोटांमुळे प्रवाहाला अडथळा कमी होतो, आणि अशा भिंतीचे कितीतरी तंतू सुखाने चालतात. वायूसाठी पन्नास-साठ बार दाब येणार असेल तर प्रत्येक बोट ही कमकुवत जागा आहे. बोटाचं टोक कातडीला भिडलं तर तंतू वाया गेला असंच समजा.

ही बोटं घालवायची असतील तर डोपमधलं पॉलिमर वाढवा, बाहेरच्या पाण्यात किंवा बोअर द्रवात सॉल्व्हंट मिसळून अदलाबदल मंद करा, नाहीतर डोप आधीच फुटण्याच्या उंबरठ्यावर आणून ठेवा. ओढ वाढवूनही ती कमी होतात. माझं मत विचाराल तर आधी बोअर द्रवाला हात लावा. तो बदलायला दहा मिनिटं लागतात, डोप नव्याने करायला दोन दिवस.

डोपमध्ये पॉलिमर किती टक्के ठेवावा?

पॉलिमरची टक्केवारी वाढवत जाऊन व्हिस्कॉसिटीचा आलेख काढा. एका जागी रेघ झपकन वर वळते. त्या वळणाच्या आसपास पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींत पुरत्या गुंतलेल्या असतात. वायूसाठीचे तंतू वळणाच्या वरच्या अंगाला काढतात, पाणी गाळण्यासाठीचे बरेच खाली.

डोपमध्ये आणखी काय घालता त्यावरही बरंच ठरतं. पीव्हीपी (पाण्यात विरघळणारा एक पॉलिमर) घातला तर डोप घट्ट होतो, छिद्रं एकमेकांशी जोडलेली राहतात आणि भिंत पाणी धरायला लागते. त्यातला काही भाग धुताना निघून जातो, काही कायमचा अडकून राहतो. पीव्हीपी हवेतलं पाणी ओढतो हे मात्र विसरू नका. पिशवी रात्रभर उघडी राहिली तर सकाळी वजन केलेल्या पावडरमध्ये तुम्ही न घातलेलं पाणी असतं आणि डोप फुटण्याच्या उंबरठ्याकडे सरकलेला असतो. कागदावरची रेसिपी तीच, तंतू वेगळा. असल्या तक्रारीत बहुतेक वेळा पाणी इथेच मुरतं, अगदी शब्दशः.

बोअर द्रव म्हणून साधं पाणी का चालत नाही?

चालतं, फक्त कातडी कुठे हवी ते आधी ठरवा. शुद्ध पाणी सोडलं तर आतली बाजू लगेच धरते आणि दाट कातडी आत येते. डायलिसिसमध्ये रक्त आतून वाहतं, म्हणून तिथे कातडी आतच हवी असते, पण तिची छिद्रं मापात राहावीत म्हणून पाण्यात सॉल्व्हंट मिसळून त्याची धार बोथट करतात. वायूच्या तंतूला कातडी बाहेरून हवी असते. तिथे बोअर द्रवात सॉल्व्हंट भरपूर ठेवतात, म्हणजे आतली बाजू उघडी राहते. प्रमाण फारच वाढवलं तर आतली भिंत धरतच नाही आणि डोप पोकळीत ओघळून ती बुजवतो.

स्पिनरेट आणि बाथ यांच्यामध्ये हवेचं अंतर कशाला?

याला एअर गॅप म्हणतात. पाहायला गेलं तर दहा-वीस सेंटिमीटरची रिकामी जागा, तंतू तिच्यातून सेकंदाच्या आत पार होतो. पण त्या वेळात तीन गोष्टी एकदम चालू असतात.

पहिली गोष्ट आतून. बोअर द्रव डोपला भिडलेलाच असतो, त्यामुळे आतली भिंत बाथ गाठण्याआधी धरू लागते. अंतर वाढवलं की आतल्या बाजूला जास्त वेळ मिळतो.

दुसरी बाहेरून. डोपमध्ये टीएचएफसारखा उडून जाणारा सॉल्व्हंट असेल तर तो या अंतरात उडतो, पृष्ठभागावर पॉलिमर दाटतो आणि बाथमध्ये शिरण्याआधीच कातडीचा पाया पडतो. डोपमध्ये एनएमपी असेल तर तो उडत नाही (त्याचा उत्कलनबिंदू २०० अंशांच्या वर आहे), उलट हवेतली वाफ शोषतो. मग बाहेरचा पृष्ठभाग हलकेच फुटू लागतो आणि तिथली छिद्रं मोठी होतात. डायलिसिसच्या तंतूची बाहेरची बाजू मोकळी ठेवायला दमट एअर गॅप मुद्दाम वापरतात.

तिसरी गोष्ट वजनाची आणि ओढीची. खाली लोंबणारा तंतू स्वतःच्या भाराने आणि टेक-अपच्या (तंतू गुंडाळून घेणाऱ्या चाकाच्या) ओढीने ताणला जातो, साखळ्या लांबीच्या दिशेने वळतात, व्यास कमी होतो. थोडा ताण कातडीला घट्ट करतो, अती झाला तर कातडी फाटते.

एअर गॅपभोवती आडोसा नसलेल्या एका लाइनवर मी काम केलं आहे. पाऊस सुरू झाला की बाहेरच्या पृष्ठभागाची छिद्रं मोठी व्हायची आणि आम्ही पॉलिमरच्या बॅचला दोष देत बसायचो. शेवटी तिथे आर्द्रतामापक टांगला आणि भांडण मिटलं. तेव्हापासून ॲक्रिलिकच्या नळीने एअर गॅप झाकल्याशिवाय मी कोणताही आकडा खरा मानत नाही.

डोप जास्त वेगाने ढकलला तर फक्त उत्पादन वाढतं ना?

नाही. कड्याच्या अरुंद जागेत डोप भिंतीला घासत जातो आणि साखळ्या प्रवाहाच्या दिशेने वळतात. बाहेर पडल्यावर त्या परत वेटोळ्या व्हायला बघतात, म्हणून तोंडाशी तंतू फुगतो. पण एअर गॅप छोटा असेल तर त्यांना सैलावायला वेळ मिळत नाही आणि वळण कातडीत गोठून जातं. वायूच्या तंतूत त्यामुळे एका मर्यादेपर्यंत निवडक्षमता (एक वायू सोडून दुसरा अडवण्याची ताकद) वाढते, पुढे कातडीत चिरा पडतात. या चिरा किती कमी असाव्यात? पृष्ठभागाच्या दहा लाखांतला एक भाग उघडा राहिला तरी वायू वेगळे होण्याचं काम बिघडतं. मोन्सँटोने १९८० च्या सुमारास बाजारात आणलेल्या प्रिझम तंतूंवर या कारणासाठी सिलिकोनचा पातळ लेप दिलेला होता. सिलिकोन स्वतः फारसं वेगळं करत नाही, ते फक्त भोकं बुजवतं.

तंतूची जाडी आधी हिशोबाने काढता येते का?

येते, कागद-पेन्सिल पुरते. समजा मिनिटाला २ मिलिलिटर डोप, १ मिलिलिटर बोअर द्रव आणि टेक-अपचा वेग मिनिटाला २० मीटर. २००० घनमिलिमीटरला २०,००० मिलिमीटरने भागा, डोपचा छेद ०.१ चौरस मिलिमीटर येतो. तसाच पोकळीचा ०.०५. म्हणजे आतला व्यास सुमारे ०.२५ मिलिमीटर, बाहेरचा ०.४४ आणि भिंत ०.०९. प्रत्यक्षात सॉल्व्हंट निघून गेल्यावर भिंत थोडी आक्रसते, पण अंदाज दगा देत नाही.

आता स्पिनरेटचं भोक ०.८ आणि सुईची बाहेरची जाडी ०.४ मिलिमीटर असेल तर कड्याचं क्षेत्रफळ ०.३८ येतं. म्हणजे डोप पावणेचार पट ओढला जातोय. ही पट फार वाढवली तर तंतू ठरावीक तालात जाड-बारीक होऊ लागतो. साध्या, एकाच तापमानाच्या द्रवाच्या धारेसाठी गणिताने ही मर्यादा २० पटींच्या किंचित वर निघते. खरे डोप इतके साधे नसतात, म्हणून मी कधी तिच्या जवळपास जात नाही.

व्यासात दहा टक्के फरक पडला तर एवढं काय बिघडतं?

नळीतला प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो. व्यास दहा टक्क्यांनी कमी झाला तर त्याच दाबाला प्रवाह ६६ टक्क्यांवर येतो. एकाच गठ्ठ्यात असे तंतू मिसळले की काहींतून धो-धो आणि काहींतून झुळझुळ.

आतली कडा गोल न येता नागमोडी का येते?

आतली कातडी आधी धरते, मग बाहेरून भिंत आकसते आणि धरलेल्या कातडीला जागा कमी पडते, त्यामुळे तिला चुण्या पडतात. बोअर द्रव सौम्य करा किंवा त्याचा प्रवाह वाढवा. भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर रसायनशास्त्रात शिरू नका, सुई मध्यावरून ढळली आहे.

बाथचं तापमान किती महत्त्वाचं?

बऱ्यापैकी. साधारणपणे गरम बाथमध्ये अदलाबदल वेगात होते आणि छिद्रं मोठी येतात, गारमध्ये कातडी दाट येते. अडचण अशी की दिवसभरात बाथमध्ये सॉल्व्हंट साठत जातो आणि सकाळचा बाथ संध्याकाळी तोच राहत नाही. ताजं पाणी सतत सोडत राहा.

सॉल्व्हंटशिवाय सच्छिद्र तंतू होतो का?

होतो, उष्णतेच्या जोरावर. पॉलिप्रोपिलीन वितळवून शेकडो पट ओढत गुंडाळलं की त्याचे स्फटिकी पापुद्रे ओढीला आडवे, एकावर एक रचले जातात. गरम ठेवून ते जाड करायचे, मग गार असताना ताणायचं. पापुद्र्यांमधला मऊ भाग फाटतो आणि चिरेसारखी छिद्रं उघडतात. गरम ताणून ती रुंदावतात, शेवटी उष्णता देऊन पक्की करतात. पहिल्या ओढीत पापुद्रे नीट लागले नसतील तर पुढचं सगळं ताणणं व्यर्थ.

दुसरी वाट म्हणजे पॉलिमर गरम असतानाच मिसळेल आणि गार झाल्यावर फुटून निघेल असा जोडीदार द्रव घ्यायचा. या पद्धतीचं कॅस्ट्रो यांचं अमेरिकी पेटंट १९८१ चं आहे. इथे छिद्राचा आकार थंड करण्याच्या वेगावर ठरतो, झटपट गार केलं तर बारीक, सावकाश केलं तर मोठी. एक्मो यंत्रातले (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रातले) पॉलिमिथिलपेंटीनचे तंतू याच कुळातले. त्यांच्या बाहेरच्या अंगाला पातळ अखंड कातडी असते, तिच्यातून वायू जातो पण प्लाझ्मा झिरपत नाही. उघड्या छिद्रांच्या पॉलिप्रोपिलीन तंतूंतून तो काही काळाने झिरपू लागतो.

ओला असताना उत्तम गाळणारा तंतू वाळवल्यावर बंद का पडतो?

छिद्रातलं पाणी वाळताना भिंती आत ओढतं. १० नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात हा ओढा पृष्ठताणाच्या हिशोबाने सुमारे १४४ बार येतो. एवढ्या ओढीला मऊ भिंत कशी टिकणार? म्हणून वाळवण्याआधी ग्लिसरीनमध्ये भिजवतात, ते उडत नाही आणि छिद्रं भरलेली ठेवतं. वायूच्या तंतूंत पाण्याच्या जागी आधी मिथेनॉल, मग हेक्झेन आणून हळूहळू वाळवतात, कारण हेक्झेनचा पृष्ठताण पाण्याच्या चौथाईच्या आसपास आहे.

घरच्या घरी, म्हणजे प्रयोगशाळेतल्या साध्या साधनांनी, रचना तपासता येते का?

छेद बघायचा तर कात्रीने कापू नका. पात्याने छिद्रं चेपली जातात आणि जे दिसतं ते पात्याचं काम असतं. ओला तंतू उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवा, बुडबुडे थांबले की दोन चिमट्यांनी कडकन मोडा. मोडलेला चेहरा खरा. गळतीसाठी तंतू आयसोप्रोपेनॉलमध्ये बुडवून आतून हवेचा दाब वाढवत जा. ०.२ मायक्रॉनच्या छिद्रातून पहिला बुडबुडा साधारण ४ बारला यायला हवा. आधी आला तर कुठेतरी त्याहून मोठं भोक आहे, आणि बुडबुडा ते बोटाने दाखवतो.

वाया गेलेला तंतू पुन्हा विरघळवून वापरावा का?

विरघळतो, पण त्यात पाणी उरलेलं असतं आणि पीव्हीपी किती धुऊन गेला ते कळत नाही. सुई बसवताना आणि लाइन जुळवताना लागणाऱ्या डोपसाठी तो खुशाल वापरा. विकायच्या मालात घालू नका.